तूस मोडले की पाणी अडते

जानेवारीतल्या एका शनिवारी मी इंग्लंडमधल्या रेडिंग गावी, आमच्या स्वयंपाकघरात तेवीस लिटर पेल एल ही फिक्या माल्टची इंग्लिश बिअर करायला घेतली. सकाळी आठला सुरू केलेले काम रात्री साडेसातला हातावेगळे झाले. एरवी याच कामाला मला सहा तास पुरतात. त्या दिवशी एकामागून एक चार अडचणी आल्या आणि चारही निस्तरून शेवटी बिअर चांगली झाली, म्हणून ती हकीकत सविस्तर लिहून ठेवत आहे. लिहिताना एक गोष्ट मला प्रकर्षाने जाणवली. या चारपैकी एकही अडचण त्या शनिवारी जन्मलेली नव्हती. कोणती आदल्या रात्रीची होती, कोणती आठवडाभरापूर्वीची, तर एक थेट मागच्या उन्हाळ्यातली. शनिवारी त्या फक्त उघड्यावर आल्या.

ज्यांनी घरी नाचणीचे सत्त्व केले आहे, त्यांना धान्यापासून बिअर करण्याचा अर्धा भाग समजावून सांगण्याची गरज नाही. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून तिला मोड आणायचे, मोड आलेले दाणे सुकवून, जरासे भाजून दळायचे. त्या सत्त्वाची पेज साध्या पिठाच्या पेजेपेक्षा पातळ आणि गोडसर होते, कारण मोड येताना दाण्यात तयार झालेली विकरे (एन्झाइम) पिष्टाचे, म्हणजे स्टार्चचे, तुकडे करून त्याची साखर करू लागतात. माल्ट म्हणजे हेच, फक्त नाचणीच्या जागी जव, ज्याला आपल्याकडे सातूही म्हणतात. भरडलेले माल्ट ठरावीक तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवले की पिष्टाची साखर होते, याला मॅश म्हणतात. मग तो गोड रस, म्हणजे वर्ट, धान्यातून निथळून घ्यायचा, धान्य गरम पाण्याने धुऊन उरलेली साखरही काढून घ्यायची, सगळा रस हॉप्स, म्हणजे कडूपणा आणि सुगंध देणारी एका वेलीची फुले, घालून तासभर उकळायचा, निववायचा आणि यीस्टच्या स्वाधीन करायचा. डब्यातला तयार अर्क पाण्यात मिसळूनही घरी बिअर करता येते आणि त्यात वाईट काही नाही. पण धान्यापासून सुरुवात केली की अंग, म्हणजे घोटाचा भरीवपणा, रंग, गोडी आणि कोरडेपणा, म्हणजे गोडीचा अभाव, हे सगळे आपल्या हाती येते, आणि त्याबरोबर चुका करण्याच्या जागाही वाढतात.

कायद्याचा मुद्दा आधीच सांगतो, कारण महाराष्ट्रातले वाचक तो हमखास विचारतात. इंग्लंडमध्ये १८८० पासून घरी बिअर करायलाही परवाना लागत असे. १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली आणि तेव्हापासून स्वतःच्या घरच्या वापरासाठी बिअर करायला इथे परवाना लागत नाही आणि करही भरावा लागत नाही, मात्र ती विकता येत नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू असून परवान्याविना घरी बिअर करणे हा गुन्हा आहे. म्हणून पुढचे सगळे वर्णन इथल्या घरातले आहे असेच समजून वाचावे.

त्या दिवसाचे धान्य असे होते. साडेचार किलो मॅरिस ऑटर हे फिके माल्ट, पाव किलो क्रिस्टल माल्ट आणि पाव किलो गव्हाचे माल्ट. मॅरिस ऑटर हा जवाचा वाण १९६० च्या दशकात केंब्रिजच्या वनस्पती पैदास संस्थेत तयार झाला. नंतर त्याच्यापेक्षा जास्त उतारा देणारे वाण आले आणि शेतकऱ्यांनी तो जवळजवळ सोडला होता, पण बिअर करणाऱ्यांनी त्याचा हट्ट सोडला नाही. त्याची बिस्किटासारखी, किंचित खमंग चव पेल एलला हवी तशी भरीव बैठक देते. हॉप्समध्ये कडूपणासाठी तीस ग्रॅम चॅलेंजर आणि सुगंधासाठी साठ ग्रॅम ईस्ट केंट गोल्डिंग्ज. तेवीस लिटर वर्ट १.०४८ विशिष्ट गुरुत्वाचे मिळावे असा माझा हिशेब होता. साध्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.००० असते, आणि रसात साखर जितकी जास्त तितके शेवटचे अंक चढतात.

पाण्याच्या बाबतीत मात्र मी आदल्या संध्याकाळीच सावध होतो आणि त्यामुळे पाण्याने दिवसभरात काही त्रास दिला नाही. रेडिंगच्या नळाला येणारे पाणी खडूच्या खडकातून झिरपलेले असते. आमच्या चहाच्या केटलच्या तळाशी आठवड्याभरात पांढरा, खरखरीत थर बसतो आणि तो व्हिनेगर घालूनच निघतो. या पाण्यातले बायकार्बोनेट मॅशचा सामू (पीएच) वर खेचते. फिक्या माल्टच्या मॅशचा सामू ५.२ ते ५.५ च्या दरम्यान राहिला पाहिजे. तो त्याच्या वर गेला की साखर कमी निघते आणि धान्य धुताना टरफलातला तुरटपणा रसात उतरतो, चहा फार वेळ उकळल्यावर जिभेला जाणवतो तसा. म्हणून शुक्रवारी रात्री मी चौतीस लिटर पाणी दोन खेपांत अर्धा-अर्धा तास उकळले, ते निवू दिले, तळाशी बसलेला पांढरा गाळ मागे ठेवून वरचे पाणी काढून घेतले आणि त्यात दहा ग्रॅम जिप्सम हे खनिज मिसळले. क्लोरीनच्या बंदोबस्तासाठी कॅम्पडेनची अर्धी गोळी कुस्करून घातली. ती घातली नाही, तर क्लोरीन आणि धान्यातली फिनॉल यांच्या संयोगातून दवाखान्यासारखा वास बिअरमध्ये येतो आणि नंतर कशानेही जात नाही.

जिप्सम घालण्यामागे मोठा इतिहास आहे. बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम निसर्गतःच भरपूर आहे आणि एकोणिसाव्या शतकात तिथली पेल एल तिच्या स्वच्छ, कोरड्या कडूपणासाठी नावाजली गेली. त्याआधी लंडनच्या बो भागातल्या हॉजसनची पेल एल जहाजांतून हिंदुस्थानात जात असे. १८२० च्या दशकात ऑलसॉप आणि बास या बर्टनच्या मंडळींनी त्या व्यापारात पाय रोवले, आणि केप ऑफ गुड होपला वळसा घालून त्यांची पिंपे कलकत्त्याच्या आणि मुंबईच्या बंदरांत उतरू लागली. आमच्या रेडिंगमध्येही १७८५ पासून सिमंड्स यांचा बिअरचा कारखाना होता. त्याच्या ब्रिज स्ट्रीटवरच्या जागेत आता ओरॅकल हे खरेदीसंकुल उभे आहे, आणि मी किराणा आणायला जातो तेव्हा त्याच्यावरूनच जातो. मुंबईकडून आलेल्या माणसाने या गावात बसून पेल एल करावी, यात मला एक जुळून आलेली गोष्ट दिसते आणि तिचा मला आनंद वाटतो.

आता पहिली अडचण. माल्टची पिशवी आठवडाभर बागेतल्या शेडमध्ये होती आणि त्या सकाळी शेडमध्ये चार अंश तापमान होते. मॅश ६६ अंशांवर ठेवायची तर त्यासाठी घ्यायचे पाणी किती तापवायचे, याचा हिशेब धान्याच्या तापमानावर ठरतो. पाच किलो धान्य, तेरा लिटर पाणी आणि धान्य अठरा अंशांवर असेल तर पाणी साडेत्र्याहत्तर अंशांचे लागते. माझ्या वहीत तोच आकडा लिहिलेला होता, कारण ती नोंद ऑक्टोबरातली होती. मी पाणी ७३.५ अंशांवर नेले, थंडगार धान्य त्यात ओतून ढवळले आणि पाच मिनिटांनी थर्मामीटर बुडवला, तर काटा ६२ वर. मॅशसाठी मी वापरतो तो जाड भिंतींचा कूलबॉक्सही रात्रभर शेडमध्येच होता आणि त्यानेही आपला वाटा शोषून घेतला होता.

चार अंशांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण बिअरच्या अंगात तो स्पष्ट उतरतो. माल्टमध्ये पिष्ट तोडणारी दोन मुख्य विकरे असतात. बीटा अमायलेज साधारण ६० ते ६५ अंशांच्या दरम्यान जोमात असते आणि यीस्टला सहज खाता येईल अशी साखर करते, तर अल्फा अमायलेजला सत्तरीच्या आसपासची ऊब मानवते आणि त्याच्या कामातून यीस्टला न पचणारे लांब तुकडेही मागे राहतात, जे बिअरला अंग देतात. मॅश ६२ वर राहू दिली असती तर बिअर झाली असती, पण पातळ आणि कोरडी. ६६ हा या दोघांमधला समझोता आहे आणि मला पेल एल तशीच आवडते.

अशा वेळी घाईने काहीतरी ओतण्याचा मोह होतो आणि त्यातून तापमान वर उडाले तर ते खाली आणणे जास्त अवघड असते, कारण सत्तरीच्या पुढे बीटा अमायलेज झपाट्याने निकामी होते आणि निकामी झालेले विकर परत येत नाही. म्हणून मी कूलबॉक्सचे झाकण लावले, कागद घेतला आणि हिशेब केला. तेरा लिटर पाणी आणि पाच किलो धान्य ६२ वरून ६६ वर आणायला उकळते पाणी साधारण पावणेदोन लिटर लागते. आमची चहाची केटल बरोबर १.७ लिटरची आहे. ती काठोकाठ भरून उकळली आणि एका हाताने पाणी बारीक धारेने सोडत, दुसऱ्या हाताने तळापर्यंत ढवळत ती रिकामी केली. पुन्हा पाच मिनिटे थांबून तीन ठिकाणी तापमान घेतले. मध्ये ६६, दोन्ही कडांना ६५.५. त्यानंतर तास संपला तरी मी पंधरा मिनिटे जास्त दिली आणि पांढऱ्या बशीत रसाचे काही थेंब घेऊन त्यावर आयोडीनचा एक थेंब टाकला. पिष्ट शिल्लक असते तर थेंब निळाकाळा झाला असता. तो तपकिरीच राहिला. कूलबॉक्सभोवती जुनी रजई गुंडाळलेली होती, त्यामुळे सव्वा तासात एकच अंश उतरला होता.

दुसरी अडचण त्या दिवसातली सर्वांत मोठी होती. कूलबॉक्सच्या तळाशी स्टीलची जाळी आहे आणि तिला जोडलेल्या तोटीतून वर्ट बाहेर येतो. पण खरी गाळणी ही जाळी नव्हे. खरी गाळणी म्हणजे धान्याच्या टरफलांचा थर. जाळी फक्त त्या थराला आधार देते. मी तोटी उघडली, पहिले दोन लिटर गढूळ रस नेहमीप्रमाणे परत वरून ओतला आणि नळीखाली भांडे ठेवले. धार आली, बारीक झाली, मग थेंब आणि मग काहीच नाही. मी तोटी पूर्ण उघडली. हे करायला नको होते, कारण खालून ओढ वाढली की थर आणखी घट्ट दाबला जातो आणि उरलीसुरली वाटही बुजते.

त्या आठवड्यात माझे वडील आमच्याकडे राहायला आलेले होते. महाडजवळच्या आमच्या गावात त्यांनी तीस वर्षे भाताची गिरणी चालवली. बिअर ते घेत नाहीत आणि या कामात त्यांनी तोवर लक्षही घातले नव्हते. ते शेजारच्या खुर्चीवर बसून चहा घेत होते. माझी धडपड पाहून ते उठले आणि टेबलावर सांडलेले कोरडे भरड चिमटीत घेऊन त्यांनी तळहातावर पसरले. मग त्यांनी हात तोंडाजवळ नेऊन हलकी फुंकर मारली. पीठ उडाले आणि तळहातावर टरफलाचे अगदी बारीक, चुरा झालेले कण राहिले.

“हे दळलंयस की भरडलंयस?” त्यांनी विचारले.

“भरडलंय, अण्णा. नवीन यंत्र आहे, दोन रुळांचं.”

“मग तूस कुठे आहे यात? सगळं मोडून टाकलंस. तूस मोडलं की पाणी अडणारच, त्याला वाट कुठे राहिली?”

त्यांनी एका वाक्यात जे सांगितले ते अगदी तंतोतंत खरे होते. आठवडाभरापूर्वी मी भरडण्याचे यंत्र आणले आणि जास्त साखर निघावी म्हणून दोन रुळांमधले अंतर ०.८ मिलिमीटरवर आणून ठेवले. बारीक भरडले की साखर जास्त निघते हे खरे, पण टरफल अखंड राहिले नाही तर ती साखर बाहेर आणणार कोण? त्यात पाव किलो गहू होता आणि गव्हाच्या माल्टला टरफल नसतेच. भात भरडताना तूस वेगळे व्हावे पण तांदूळ तुटू नये, हे गिरणीवाल्याचे कौशल्य. इथे उलट आहे. दाणा फुटला पाहिजे आणि तूस शाबूत राहिले पाहिजे. कसब मात्र तेच, रुळांच्या अंतराचे. गंमत अशी की अशा अडलेल्या मॅशवर जगभर वापरला जाणारा उपाय म्हणजे भाताचे तूस. मूठ-दोन मुठी धुतलेले तूस मॅशमध्ये मिसळले की थर पोकळ राहतो आणि चवीत काही फरक पडत नाही. वडिलांच्या गिरणीच्या मागे त्याचे ढीग पडलेले असत, लोक ते जाळून राखुंडी करायला नेत. रेडिंगमध्ये शनिवारी दुपारी एक मूठभरही मिळण्याची सोय नव्हती.

तेव्हा तुसाविना वाट काढावी लागली. आधी तोटी बंद केली. मग दीड लिटर पाणी ७७ अंशांवर आणले, तोटीच्या नळीचे दुसरे टोक एका मोठ्या मापाच्या तळाशी असलेल्या नळाला जोडले, ते माप फडताळाच्या वरच्या कप्प्यावर ठेवले आणि तोटी उघडून ते पाणी उलट्या दिशेने, खालून वर, धान्यात सोडले. खालून पाणी शिरले की चिकटून बसलेला थर उचलला जातो. धान्याचा पृष्ठभाग हळूच फुगताना आणि त्यावर दोन-चार बुडबुडे येताना आम्ही दोघांनीही पाहिले. रस जितका गरम तितका पातळ वाहतो, हा गरम पाण्याचा दुसरा फायदा, पण ७७ च्या पलीकडे जायचे नाही, नाहीतर टरफलांतला तुरटपणा निघतो. त्यानंतर संपूर्ण मॅश लाकडी पळीने एकदा ढवळली आणि वीस मिनिटे हात लावला नाही. ही वीस मिनिटे फार महत्त्वाची आहेत. जड टरफले आधी खाली बसतात, पीठ वर राहते आणि गाळणी नव्याने रचली जाते. वडिलांनी मला मधे दोनदा तोटीकडे जाताना अडवले.

“बस जरा. निवळू दे ते,” इतकेच ते म्हणाले.

नंतर तोटी जेमतेम पाव उघडली. करंगळीपेक्षाही बारीक, पण न तुटणारी धार आली. तिला तसेच राहू दिले. वर गरम पाणी मगाने, एका बशीवर ओतत गेलो, म्हणजे थराला खड्डा पडू नये. अठ्ठावीस लिटर रस जमायला एरवी पाऊण तास लागतो, त्या दिवशी पावणेदोन तास लागले.

तिसरी अडचण हिच्याच पोटातून आली. रस जमल्यावर मी लगेच चंचुपात्रात थोडा घेऊन त्यात हायड्रोमीटर, म्हणजे विशिष्ट गुरुत्व मोजणारी तरंगती नळी, सोडला, तर आकडा १.०२० च्याही खाली. क्षणभर पोटात गोळा आला. पण तो रस साठ अंशांच्या आसपास गरम होता आणि हायड्रोमीटर वीस अंशांसाठी आखलेला असतो. इतक्या गरम द्रवात तो सोळा-सतरा अंकांनी कमी दाखवतो. पात्र थंड पाण्यात ठेवून रस विसावर आणला आणि पुन्हा मोजले. १.०३४. उकळण्याआधी माझ्या हिशेबाने १.०३९ हवे होते. थर अडल्यावर आणि पुन्हा बसल्यावर पाण्याने काही ठिकाणी आपली सोपी वाट धरली होती आणि बाजूच्या धान्यातली साखर तशीच राहून गेली होती.

बिअर करणाऱ्यांमध्ये हायड्रोमीटर रूढ केला तो जॉन रिचर्डसन यांनी. १७८४ साली त्यांनी हायड्रोमीटरने वर्ट मोजण्याची पद्धत पुस्तकातून मांडली आणि कोणते माल्ट किती अर्क देते हे आकड्यांत कळू लागले. त्याआधी बहुतेकांची मदार जिभेवर आणि बोटांच्या चिकटपणावर होती. मी त्या शनिवारी जिभेवर विसंबलो असतो तर मला काहीच कळले नसते, कारण १.०३४ चा रसही चाखायला चांगला गोड लागतो.

पाच अंकांची तूट भरून काढायचे दोन मार्ग होते. जास्त वेळ उकळून रस आटवायचा, तर बिअर तीन लिटर कमी मिळाली असती आणि संध्याकाळ आणखी लांबली असती. किंवा सुके माल्टचे पीठ, ज्याला इथे स्प्रे माल्ट म्हणतात, ते घालायचे. अठ्ठावीस लिटरला पाच अंक चढवायला साधारण चारशे ग्रॅम लागते. माझ्याकडे पाचशे ग्रॅमचे पाकीट होते. धान्यापासूनच सगळे करायचे असा ज्यांचा नेम असतो त्यांना हे पटत नाही. मला पटते, कारण तेही जवाच्या माल्टचेच आटवून सुकवलेले वर्ट आहे आणि बिअरचा तोल सांभाळणे हे नेम सांभाळण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. हॉप्स १.०४८ च्या हिशेबाने मोजलेले होते. गोडी तेवढी नसती तर कडूपणा अंगावर आला असता.

हे पीठ वाफेवर उघडे धरले की पाकिटातच त्याचा गोळा होतो, म्हणून ते आधी दोन लिटर कोमट रसात कालवून घेतले. बत्तीस लिटरच्या पातेल्यात अठ्ठावीस लिटर रस असताना उकळी फुटण्याचा क्षण नाजूक असतो. रसातली प्रथिने फेस धरतात आणि तो दुधासारखाच, बघता बघता उतू जातो. दुधापेक्षा वाईट म्हणजे तो चिकट असतो आणि गरम घटकावर करपतो. कालवलेले पीठ घालण्यापूर्वी मी वीज बंद केली, पीठ ढवळून पूर्ण विरघळवले, मगच पुन्हा सुरू केली आणि थंड पाण्याची फवारणीची बाटली हातात धरून उभा राहिलो. फेस दोनदा काठापर्यंत आला आणि दोन्ही वेळा चार फवाऱ्यांत बसला. मग चॅलेंजर घातले. हॉप्स टाकताच पुन्हा एकदा उसळी येते, हे लक्षात ठेवून तेही तीन वेळा थोडे थोडे करून घातले.

चौथी अडचण उकळ संपायला वीस मिनिटे असताना कळली. वर्ट झटपट निववण्यासाठी तांब्याच्या नळीचे वेटोळे असते. ते शेवटची पंधरा मिनिटे उकळत्या रसात ठेवले की निर्जंतुक होते आणि नंतर त्यातून नळाचे थंड पाणी सोडले की अर्ध्या तासात रस वीस अंशांवर येतो. ते आत ठेवण्यापूर्वी मी नळाला जोडायचा रबरी पाइप हातात घेऊन वाकवला, तर तो मधोमध तडकलेला. मागच्या उन्हाळ्यात तो बागेत उन्हात पडून राहिला होता. उकळत्या रसाच्या डोक्यावर असा पाइप फुटला असता, तर न उकळलेले पाणी थेट वर्टमध्ये गेले असते. तो वापरायचा नाही हे मी तिथेच ठरवले.

पाण्याची टंचाई असलेल्या ऑस्ट्रेलियातल्या घरगुती बिअर करणाऱ्यांनी यावर एक चांगली पद्धत रूढ केली आहे. उकळता वर्ट उष्णता सोसणाऱ्या जाड प्लास्टिकच्या कॅनमध्ये काठोकाठ भरायचा, कॅन दाबून आतली हवा काढायची, झाकण घट्ट लावायचे आणि तो आपोआप निवू द्यायचा. उकळत्या रसानेच कॅन आतून निर्जंतुक होतो. माझ्याकडे तसा कॅन आहे. फक्त या पद्धतीत हॉप्सचे वेळापत्रक बदलावे लागते, कारण कॅनमध्ये रस तासन्‌तास गरम राहतो आणि हॉप्समधून कडूपणा निघतच राहतो. शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी ठेवलेले तीस ग्रॅम गोल्डिंग्ज म्हणून मी आच बंद केल्यावर घातले, आणि आच बंद केल्यावर घालायचे तीस ग्रॅम बाजूला काढून आंबवणीच्या शेवटी कोरडेच घालायचे ठरवले. रस स्वच्छ निवळावा म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत घालायची समुद्रशेवाळाची अर्धी गोळी मात्र वेळेवर घातली. कॅन भरला, आडवा करून झाकणालाही गरम रस लागू दिला आणि तास-दोन तासांनी शेडमध्ये नेऊन ठेवला. सकाळी धान्याला गारठवून माझा घात करणारी ती शेड रात्री उपयोगी पडली.

रविवारी सकाळी दहाला वर्ट एकोणीस अंशांवर होता. मोजले तर १.०४७. आंबवणीच्या निर्जंतुक केलेल्या पिंपात उंचावरून, भरपूर फेस येईल असा ओतला, कारण सुरुवातीला यीस्टला प्राणवायू लागतो, आणि कोरड्या एल यीस्टचे एक पाकीट वरून भुरभुरले. सोमवारी सकाळी पिंपावर साईसारखा जाड, पिवळट फेस चढलेला होता आणि जिन्याखालच्या त्या कपाटाचे दार उघडताच ताज्या पावाचा आणि सफरचंदाचा वास आला. वडिलांनी तो वास घेतला आणि इडलीचे पीठ चांगले फुगल्यावर होतो तसा त्यांचा चेहरा समाधानी झाला.

दहाव्या दिवशी आकडा १.०११ वर स्थिरावला. राखून ठेवलेले गोल्डिंग्ज तीन दिवस पिंपात घातले, मग एकशेदहा ग्रॅम साखर विरघळवून बेचाळीस बाटल्या भरल्या आणि दोन आठवडे घरातल्या उबेत ठेवल्या. मद्यार्क पावणेपाच टक्क्यांच्या आसपास आला. पहिली बाटली उघडली तेव्हा रंग ताज्या मधाचा होता, किंचित गढूळपणा होता, जो सावकाश निववलेल्या बिअरमध्ये येतो, आणि कडूपणा जिभेवर स्वच्छ येऊन वेळेवर मागे सरत होता. गोल्डिंग्जचा सुगंध नेहमीपेक्षा ठळक होता, इतका की सुगंधाचे हॉप्स असे शेवटी कोरडे घालण्याची पद्धत मी आता मुद्दाम ठेवणार आहे.

यंत्राच्या रुळांतले अंतर मी १.२ मिलिमीटरवर आणले आहे आणि प्रत्येक वेळी भरडल्यावर चिमूटभर भरड तळहातावर घेऊन फुंकर मारून पाहतो. धान्य आणि कूलबॉक्स आदल्या रात्रीच स्वयंपाकघरात येतात आणि पाणी तापवण्यापूर्वी मी धान्यात थर्मामीटर खुपसून तो आकडा वहीत लिहितो. पाइप नवीन आहे आणि तो घरात, खुंटीला टांगलेला असतो. वडील फेब्रुवारीत महाडला परत गेले. परवा पुढची खेप झाली त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. बिअर कशी झाली हे त्यांनी विचारले नाही. “या वेळी पाणी नीट उतरलं ना?” एवढेच विचारले, आणि पन्नास मिनिटांत सगळे उतरले हे ऐकून, “मग तूस धरलं म्हणायचं,” असे म्हणाले.